विरोधी बाकावरून मावळ : रामभाऊ म्हाळगींची पाच वर्षे

मावळच्या आमदारांचा हिशेब मांडायला बसले की बोलणे हटकून रस्ते, पूल, शाळा आणि महाविद्यालये यांच्याकडे जाते. कोणी काय आणले, कोणाच्या काळात कुठले काम झाले, याच मापाने माणूस मोजला जातो. पण या तालुक्याच्या विधानसभेतल्या इतिहासात सुरुवातीलाच असा एक आमदार भेटतो, ज्याच्या हातात द्यायला काहीच नव्हते. १९५७ ते १९६२ या काळात रामचंद्र काशिनाथ म्हाळगी, म्हणजेच रामभाऊ म्हाळगी, मावळचे आमदार होते. पक्ष भारतीय जनसंघ, निशाणी दिवा आणि जागा विरोधी बाकांवर. त्यांच्या पक्षाचे सभागृहातले संख्याबळ इतके तोकडे होते की मतदानाच्या जोरावर सरकारकडून एक ओळही बदलून घेणे शक्य नव्हते. माझे म्हणणे असे की, याच कोरड्या पाच वर्षांत आमदाराचे मूळ काम काय ते सर्वांत स्वच्छ दिसते. सत्ता नाही, निधी नाही, वाटायला कंत्राटे नाहीत. अशा वेळी आमदाराकडे जे उरते तेच त्याचे खरे हत्यार. प्रश्न विचारणे, पत्र लिहिणे, सभागृहात हजर राहणे आणि वर्षाच्या शेवटी मतदाराला हिशेब देणे, एवढे चार व्यवहार उरतात. रामभाऊंच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीचे बळ याच चार गोष्टींत होते आणि तिची सुरुवात मावळातून झाली.

१९५७ चा मावळ म्हणजे एक तालुका असला तरी त्यात दोन जगे होती. पुणे-मुंबई लोहमार्गाच्या कडेने एक पट्टा जातो. तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत, लोणावळा ही गावे त्या पट्ट्यावरची. लोणावळ्याला एकोणिसाव्या शतकापासून नगरपालिका, १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम, १९४५ पासून नौदलाचे 'शिवाजी' प्रशिक्षण केंद्र. तळेगावात विजापूरकरांच्या समर्थ विद्यालयाची आणि लोकमान्यांच्या आशीर्वादाने उभ्या राहिलेल्या पैसाफंड काच कारखान्याची स्वदेशी परंपरा. या पट्ट्यावरून दिवसातून अनेकदा गाड्या धावत आणि मुंबईची वर्तमानपत्रे त्याच दिवशी हाती पडत. रूळ ओलांडून आंदर मावळात, नाणे मावळात किंवा पवन मावळात शिरले, की दुसरे जग सुरू होई. तिथे पावसाळ्याचे चार महिने ओढे-नाले गावांना एकमेकांपासून तोडत; भाताचे एक पीक, डोंगरउतारावर नाचणी-वरई, आणि उरलेले महिने मुंबईच्या गिरण्यांत किंवा गोदीत गेलेल्या माणसांच्या मनिऑर्डरींवर. वळवण, शिरवता, ठोकळवाडी ही टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांची धरणे याच डोंगरांत विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत बांधली गेली. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला आणि भिवपुरीला पडून मुंबईच्या गिरण्यांना वीज देत होते. शेजारच्या मुळशीत १९२१ ला सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो अशाच एका धरणाविरुद्ध. मावळच्या माणसाला सरकार आणि कंपनी या दोघांची ओळख झाली ती आधी जमीन जाण्यातून. सोयी पुष्कळ उशिरा आल्या. हे ध्यानात घेतले म्हणजे अशा तालुक्याला मुंबईच्या सभागृहात बोलणारा माणूस किती गरजेचा होता ते कळते.

रामभाऊ शेजारच्या खेड तालुक्यातल्या कडूसचे. जन्म ९ जुलै १९२१. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक, मग वकील, आणि १९५१ नंतर महाराष्ट्रात जनसंघाची बांधणी करणाऱ्या पहिल्या फळीतले. त्यांचा पक्ष त्या वेळी मुख्यतः शहरी, पांढरपेशा आणि पेठांपुरता समजला जाई. भातखाचरांच्या तालुक्यातून असा उमेदवार निवडून येणे ही साधी गोष्ट नव्हती. इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो रास्त आहे. १९५७ ची निवडणूक ही संयुक्त महाराष्ट्राची निवडणूक होती. फ्लोरा फाउंटनचे गोळीबार ताजे होते, द्विभाषिक मुंबई राज्य लोकांच्या माथी मारले गेले होते, आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीचा शिक्का असलेला उमेदवार कोणत्या पक्षाचा आहे हे मतदार फारसे पाहत नव्हता. समाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि जनसंघ एकाच मांडवाखाली उभे होते. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना कराडमध्ये निसटता विजय मिळाला. एकूण ३९६ जागांपैकी काँग्रेसला २३४ मिळाल्या त्या गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर. तेव्हा रामभाऊ निवडून आले ते लाटेवर, हे मान्यच करायला हवे. शिवाय जनसंघाला मुळात एककेंद्री राज्यव्यवस्था हवी होती, भाषावार प्रांतरचनेबद्दल त्याच्या मनात किंतु होता. समितीच्या मांडवात तो जरा अवघडूनच बसला होता.

पण लाट माणसाला सभागृहाच्या दारापर्यंतच आणून सोडते. आत गेल्यावर तो काय करतो, याचे श्रेय किंवा दोष लाटेला देता येत नाही. समितीच्या लाटेवर अनेकजण आमदार झाले. त्यातल्या कित्येकांनी एकाच विषयावर, संयुक्त महाराष्ट्रावर, सारी ताकद लावली आणि १ मे १९६० ला राज्य झाल्यावर त्यांच्यापाशी सांगण्यासारखे फारसे उरले नाही. रामभाऊंनी दुसरी वाट धरली. राज्याच्या मोठ्या प्रश्नावर समितीबरोबर मत द्यायचे, पण रोजचे काम तालुक्याचे करायचे. अभ्यास करून बोलणारा, प्रश्न विचारून न थकणारा, आलेल्या पत्राला उत्तर देणारा आमदार ही त्यांची ओळख जन्मभर टिकली. या सवयीला मावळची परिस्थिती कारण होती असे मी म्हणतो, त्याची कारणे त्या काळच्या कायद्यांत आणि कारभारात सापडतात.

आज आमदाराला स्थानिक विकास निधी असतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात तो वर्षाला ५ कोटी रुपये करण्यात आला. १९५७ मध्ये अशी योजनाच नव्हती. जिल्हा परिषदाही नव्हत्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून कायदा झाला १९६१ मध्ये आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्या प्रत्यक्ष कामाला लागल्या १ मे १९६२ पासून, म्हणजे रामभाऊंची मावळची मुदत संपल्यावर. तोवर गाव आणि राज्य यांच्यामध्ये निवडून आलेला, अधिकाऱ्याला जाब विचारू शकणारा मजबूत दुवा जवळपास एकच होता, तो म्हणजे आमदार. जिल्हा लोकल बोर्डे होती, पण त्यांचे हात आखडलेले होते. तलाठी, मामलेदार, प्रांत, कलेक्टर ही उतरंड इंग्रजी अमदानीतल्यासारखीच होती आणि तिला वरून हलवणारी सत्ता काँग्रेसची होती. विरोधी आमदाराला मंत्र्याच्या दालनात बसून काम करून घेण्याची सोय नसे. त्याच्यापाशी प्रश्नोत्तराचा तास होता, कपात सूचना होती आणि टपाल होते.

तारांकित प्रश्नाचे काम कसे चालते हे जवळून पाहिले तर त्याची ताकद लक्षात येते. समजा, एखाद्या गावच्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला आहे आणि दोन पावसाळे तो कोणी बांधलेला नाही. आमदार प्रश्नाची सूचना देतो. सचिवालयातल्या खात्याला ती पोहोचते. खाते कलेक्टरांकडे माहिती मागते, कलेक्टर प्रांताकडे, प्रांत वडगावच्या मामलेदाराकडे, आणि शेवटी कागद येतो त्या गावच्या तलाठ्यापुढे. ज्या तलाठ्याने दोन वर्षे त्या ओढ्याकडे पाहिलेले नाही, त्याला आता लेखी लिहून द्यावे लागते की साकव कधी गेला, अर्ज कधी आला, त्यावर काय केले. तो कागद त्याच वाटेने परत वर चढतो, प्रत्येक पायरीवर एकेक सही घेऊन. मंत्री सभागृहात उत्तर देतो तेव्हा आमदाराला उपप्रश्न विचारण्याचा हक्क असतो, आणि उत्तर चुकीचे निघाले तर त्याची नोंद कायमची छापली जाते. साकव लगेच बांधला जाईलच असे नाही. पण पाच सह्या झाल्या म्हणजे पाच माणसांना ते गाव माहीत झाले. पुढच्या वेळी त्या गावचा अर्ज आला की तो टोपलीत टाकताना हात जरा थबकतो. डोंगरातल्या गावांना त्या काळी एवढा आधारही मोठा होता.

दुसरे उदाहरण जमिनीचे, आणि ते अधिक गंभीर आहे. मुंबई कूळवहिवाट कायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानले गेले. निवडणूक झाली फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे रामभाऊंच्या आमदारकीचे पहिले पाऊल आणि कुळाच्या मालकीचे पहिले पाऊल एकाच वसंतात पडले. पण कायद्याने मालक होणे आणि सातबाऱ्यावर मालक होणे यांत फार अंतर होते. कलम ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणापुढे, म्हणजे बहुतेक ठिकाणी मामलेदारापुढेच, किंमत ठरायची. ती जमिनीच्या शेतसाऱ्याच्या २० पट ते २०० पट यांच्या दरम्यान, आणि हप्त्याने फेडायची. नोटीस मिळून कूळ हजर झाले नाही किंवा मालकाच्या दडपणाखाली जमीन घ्यायची नाही असे बोलले, तर खरेदी निष्फळ ठरवली जाई. भाताच्या लावणीच्या दिवसांत आंदर मावळातल्या कुळाने वडगावला तारखेला हजर राहायचे, तेही ओढ्यांना पूर आलेला असताना, हे सोपे नव्हते. कागद वाचणारा, तारीख समजावणारा, अपिलाची मुदत सांगणारा माणूस त्याला हवा होता. अशा वेळी आमदार वकील असणे याला वेगळाच अर्थ येतो. कूळकायदा हे काँग्रेसचे श्रेय, त्याबद्दल दुमत नाही. पण कायदा करणारा पक्ष आणि तो खाली नीट उतरतो की नाही हे पाहणारा विरोधी सदस्य, हे दोघे मिळूनच तो कायदा खरा होतो.

आता हिशेबाबद्दल. रामभाऊंचे नाव आजही ज्या गोष्टीसाठी घेतले जाते ती म्हणजे वर्षभराच्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवण्याची त्यांची पद्धत. सभागृहात काय विचारले, काय उत्तर आले, मतदारसंघात काय केले, हे स्वतःहून लिहून लोकांपुढे ठेवणे तेव्हा कोणी मागितलेले नव्हते. कोणताही कायदा तसे सांगत नव्हता आणि आजही सांगत नाही. यावर आक्षेप घेता येतो की हीही एक जाहिरातच. आपणच आपली बाजू छापायची आणि आपणच वाटायची. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तर अहवालाच्या स्वरूपातच आहे. भाषण हवेत विरून जाते, भिंतीवरचे पत्रक पावसात धुऊन जाते. छापील अहवालातला प्रश्न मात्र तारखेसह उभा राहतो, आणि तो विचारला की नाही हे विधानसभेच्या कार्यवाहीशी ताडून पाहता येते. खोटे लिहिले तर विरोधकाला आयते कोलीत मिळते. शिवाय यंदा प्रश्न कमी विचारले तर तेही दिसते. स्वतःला पकडण्याचे साधन स्वतःच्या हाताने लोकांना देणारा माणूस नुसती जाहिरात करत नसतो. खासदार झाल्यावरही रामभाऊंनी ही पद्धत सोडली नाही, हे त्यांच्या निष्ठेचे गमक आहे.

सर्वांत कठीण आक्षेप पुढचा आहे. एवढे करून मावळला काय मिळाले, आणि मतदाराने या पद्धतीची कदर तरी केली का? १९६२ च्या निवडणुकीत नव्या महाराष्ट्राच्या विधानसभेत जनसंघाचा एकही आमदार निवडून आला नाही. काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. संयुक्त महाराष्ट्र मिळाला होता, समितीचा मांडव मोडला होता, आणि यशवंतरावांनी मंगल कलश आणल्याचे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे होते. मावळची जागाही जनसंघाकडे राहिली नाही. निकालाच्या मापाने रामभाऊंची पद्धत इथे हरली, हे झाकण्यात अर्थ नाही. तरीही १९७२ मध्ये मावळातून पुन्हा जनसंघाचाच उमेदवार, कृष्णराव भेगडे, निवडून आला. राज्यभर इंदिरा लाट असताना काँग्रेसविरोधी उमेदवाराला हा तालुका मत देतो, याला काही पूर्वपीठिका असावी लागते. पंधरा वर्षांपूर्वी इथे एका विरोधी आमदाराने पाच वर्षे नेटाने काम केले, ही त्या पूर्वपीठिकेतली महत्त्वाची बाब आहे असे मी मानतो.

कृष्णरावांची कारकीर्द मात्र वेगळ्या दिशेने गेली, आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. १९७२ ला जनसंघाकडून आणि १९७८ ला काँग्रेसकडून ते मावळचे आमदार झाले, पुढे विधान परिषदेत गेले, आणि तळेगावच्या शिक्षणसंस्थांच्या उभारणीत त्यांनी आयुष्य घातले. २०२५ च्या ३० जूनला त्यांचे निधन झाले तेव्हा तालुक्याने त्यांना आठवले ते शाळा-महाविद्यालये उभी करणारा माणूस म्हणून. पक्ष बदलल्याबद्दल त्यांना नावे ठेवणारे होते, पण डोंगरातल्या मुलाला तळेगावात शिकता आले या वस्तुस्थितीपुढे ती टीका लहान आहे. संस्था उभी करणाऱ्या लोकप्रतिनिधीचे हे काम मी कमी लेखत नाही. पण संस्था उभारता येते ती जिथे जमीन, देणगी आणि सरकारी मान्यता या तिन्हींचा मेळ बसतो तिथे. जिथे जमीनच जात असते, तिथे विचारणारा लागतो. पवना धरण हे याचे उदाहरण. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुरे झाले, आणि महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये. कायद्याच्या आधी उठलेल्या पवन मावळच्या कुटुंबांचा जमिनीचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळत राहिला. धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना आणि वस्त्यांना मिळाले. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचे पाणी बंदिस्त जलवाहिनीने नेण्याविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊरजवळ जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तिघांचा जीव गेला. इतक्या वर्षांत त्या पाण्याविषयी आणि त्या जमिनींविषयी जेवढे लेखी प्रश्न, जेवढ्या चिवटपणे, अधिवेशनामागून अधिवेशन विचारले जायला हवे होते तेवढे विचारले गेले असते, तर माणसांना रस्त्यावर उतरावे लागले नसते असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण सभागृहातला दरवाजा बंद वाटू लागला की माणसे रस्त्यावर येतात, एवढे मावळच्या अनुभवावरून म्हणता येते.

रामभाऊंचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९६७ आणि १९७२ मध्ये ते पुणे शहरातून विधानसभेवर निवडून आले. आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात राहिले. १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे ठाण्यातून लोकसभेवर गेले, आणि १९८० मध्ये देशभर इंदिरा गांधींचे पुनरागमन होत असतानाही ठाणेकरांनी त्यांना पुन्हा पाठवले. १९६२ ला मावळात हरलेली पद्धत १९८० ला ठाण्यात टिकली, हा माझ्या दृष्टीने त्या कठीण आक्षेपाला मिळालेला सर्वांत ठोस जबाब आहे. हिशेब देणाऱ्याची ओळख मतदाराला पटायला वेळ लागतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय जनता पक्ष स्थापन झाला आणि रामभाऊ त्यात गेले. ६ मार्च १९८२ ला, वयाच्या साठीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने त्याच वर्षी प्रबोधिनी सुरू झाली; भाईंदरजवळ उत्तन येथे तिचे संकुल आहे आणि तिथे निवडून आलेल्या प्रतिनिधींना कामकाजाचे प्रशिक्षण दिले जाते. पक्षाच्या वाढीचा इतिहास सांगणारे त्यांना संघटक म्हणून आठवतात. मला ते त्याहून मोठे वाटतात ते आमदार म्हणून, आणि तेही सत्ता न मिळालेले आमदार म्हणून. जनसंघाच्या विचाराशी ज्यांचे पटत नाही त्यांनीही हे मान्य करायला हरकत नाही, कारण ही पद्धत कोणत्याही पक्षाची मिरास नाही. समाजवादी आणि शेकापच्या बाकांवरही असे सदस्य त्या सभागृहात होते आणि त्या काळच्या विरोधी पक्षांची खरी श्रीमंती तीच होती.

१९५७ ते १९६२ या काळातली विधानसभेची कार्यवाही छापील खंडांत उपलब्ध आहे. मावळविषयी त्या पाच वर्षांत विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याला मिळालेले प्रत्येक उत्तर त्यात आहे. तळेगाव आणि लोणावळ्याच्या महाविद्यालयांत इतिहास व राज्यशास्त्राचे विभाग आहेत. त्यांनी हे खंड उघडावेत, गाववार प्रश्न उतरवून काढावेत आणि त्यांतला एकेक प्रश्न त्या त्या ग्रामपंचायतीला पाठवावा. कुठल्या प्रश्नाचे पुढे काय झाले हे तिथली माणसेच सांगू शकतील, आणि ते आठवणारे जुने लोक अजून काही वर्षेच आपल्यात आहेत.